घरी बांधलेल्या आरव्ही-७ वर इलेक्ट्रॉनिक इग्निशन: एक मॅग्नेटो बदलावा की दोन्ही?

नभोविहारी, डेटनजवळ, ओहायो

नमस्कार मंडळी,

आठ वर्षे गॅरेजात रिबिटा ठोकून बांधलेले माझे आरव्ही-७ हे दोन आसनांचे विमान आता ४३६ तास उडाले आहे. इंजिन लायकमिंगचे ओ-३६०-ए१ए, १८० अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरचे आहे. त्यावर दोन स्लिक मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रे) आहेत. डावा इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना कमानीने झटका देणाऱ्या जोडणीचा) आणि उजवा साधा. ५०० तासांची मॅग्नेटो-तपासणी जवळ आली आहे. तपासणीसाठी दोन्ही मॅग्नेटो उतरवायचेच आहेत, तर त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्यावे का, असा विचार मनात घोळतो आहे.

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण इथला हिवाळा. रात्रभर हीटर लावून इंजिन गरम ठेवले तरी जानेवारीत पंखा पाच-सहा पाती फिरतो आणि तरीही इंजिन पकडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ते सुरू होते, पण तोवर बॅटरीचा जीव जातो. दुसरे कारण गेल्या महिन्यातले. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत मिनिटाला १७०० फेऱ्यांवर, डावा बंद करून केवळ उजव्या मॅग्नेटोवर आल्यावर फेऱ्या १६५ ने पडल्या आणि सगळे विमान थरथरले. लायकमिंगची मर्यादा १७५ ची आहे आणि दोन मॅग्नेटोंमधला फरक ५० पेक्षा जास्त नसावा असेही त्यांचे म्हणणे आहे. डाव्यावर घट केवळ ८० होती, म्हणजे हा फरक सरळसरळ मर्यादेबाहेर होता. परत फिरलो, प्लग काढले, तर तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या प्लगमध्ये जोंधळ्याच्या दाण्याएवढा शिशाचा गोळा अडकलेला सापडला. तो टोकरून काढल्यावर घट ९० वर आली.

आता प्रश्न असा की एकच मॅग्नेटो बदलावा की दोन्ही? इंधन खरोखरच वाचते का? माझ्या विमानात एकच बॅटरी व एकच अल्टरनेटर आहे. छोटी राखीव बॅटरी आहे, पण ती केवळ पडद्यावरच्या उपकरणांसाठी. अशा विमानात विजेवर अवलंबून असलेले इग्निशन घेणे शहाणपणाचे ठरेल का? मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो, बॅटरी मेली तरी इंजिन चालत राहते, हा त्याचा गुण सोडवत नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनावरही कमी दाबाचा का होईना, मॅग्नेटोच होता. त्यांच्याच गावाजवळ राहून तो काढून टाकायचा म्हणजे जरा अपराधी वाटते!

ज्यांनी हा बदल स्वतःच्या हाताने केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


हँगर क्रमांक सात, फिनिक्सजवळ, ॲरिझोना

माझे आरव्ही-६ आहे, इंजिन ओ-३२०. सहा वर्षांपूर्वी उजवा मॅग्नेटो काढून त्या जागी पी-मॅग हे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे युनिट बसवले, डावा अजून स्लिकच आहे. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'एकच, आणि तोही उजवा' असे आहे. आधी इंधनाबद्दल लिहितो, कारण त्याबाबत अपेक्षा फार आणि समज थोडी असते.

आपला मॅग्नेटो दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या २५ अंश आधी ठिणगी देतो आणि काहीही झाले तरी २५ अंशांनाच देतो. इंजिन समुद्रसपाटीवर पूर्ण ताकदीने चालत असताना हा आकडा अगदी योग्य आहे. क्रँकशाफ्ट वरच्या टोकानंतर साधारण १५ अंश फिरला की सिलिंडरमधला दाब शिखरावर यावा, तेव्हा जळण्याच्या ताकदीचा पुरेपूर उपयोग होतो. पण आठ-नऊ हजार फुटांवर हवा विरळ असते, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब पाऱ्याच्या बावीस इंचांच्या खाली येतो आणि वर आपण मिश्रणही पातळ करतो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी करतो. अशा मिश्रणात ज्योत रेंगाळत पसरते, त्यामुळे शिखर उशिरा येते आणि बराचसा दाब नुसताच एक्झॉस्टमधून निघून जातो. तिथे ठिणगी आठ-दहा अंश आधी पडायला हवी असते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मॅनिफोल्डचा दाब व फेऱ्या पाहून एवढेच करते. म्हणजेच फायदा उंचीवरच्या संथ प्रवासात आहे. उड्डाणाच्या वेळी जादा अश्वशक्ती मिळेल अशी आशा ठेवू नये, कारण तिथे दोघांचाही कोन जवळपास सारखाच असतो. धावपट्टीभोवती घिरट्या घालून उतरण्याचा सराव करणाऱ्याचे एक गॅलनही वाचणार नाही.

माझ्या नोंदवहीतले आकडे असे: ८५०० फूट, २४०० फेऱ्या, तोच वेग, आधी ताशी ८.३ गॅलन, नंतर ७.७. वर्षाला मी शंभर तास उडतो, म्हणजे ६० गॅलन. आमच्या विमानतळावर गॅलनला सहा डॉलर पडतात, तेव्हा वर्षाचे ३६० डॉलर झाले. युनिट, वायरी आणि प्लग मिळून दोन हजार डॉलरच्या पुढे खर्च जातो. हिशेब जुळायला पाच-सहा वर्षे लागतात, म्हणून केवळ पैशासाठी हा उद्योग करू नये. सुरू होण्यातला फरक मात्र पहिल्या दिवशी कळतो. माझे इंजिन आता दुसऱ्या पात्यालाच पकडते. मंद फिरणाऱ्या मॅग्नेटोची ठिणगी मुळात अशक्त असते, इम्पल्स कपलिंगची कमानी त्याला झटका देऊन वेळ मारून नेते. इलेक्ट्रॉनिकला फेऱ्यांशी देणेघेणे नसते, बॅटरीत दम असेल तर पहिली ठिणगीही भरदार पडते.

विजेच्या शंकेबद्दल: पी-मॅगच्या पोटात स्वतःचा छोटा अल्टरनेटर आहे. सुरू करताना त्याला बॅटरी लागते, पण इंजिन मंद फेऱ्यांच्या वर गेले की बाहेरची वीज तोडली तरी तो चालत राहतो. हे जाहिरातीवर सोडून देऊ नका. दर वर्षी जमिनीवर, १७०० फेऱ्यांवर, मॅग्नेटो बंद करून पी-मॅगचा ब्रेकर ओढून पाहा. इंजिन जराही अडखळले तर ते युनिट उडवायचे नाही.

उजवाच का, तर उजवा मॅग्नेटो बिनइम्पल्सचा असल्याने त्याचे गिअर काढून नव्या युनिटला बसते. डाव्या बाजूचे इम्पल्सचे गिअर इथे चालत नाही आणि तिथला स्पेसर व लांब स्टडही बदलावे लागतात. इंजिनाच्या मागच्या भिंतीपाशी, जिथे दोन बोटेही धड जात नाहीत, तिथे स्टड काढायचा म्हणजे काय, हे एकदा करून पाहिलेल्यालाच ठाऊक!

टायमिंग लावताना एक खबरदारी घ्या. लायकमिंगच्या फ्लायव्हीलवर दोन्ही तोंडांना खुणा असतात. पुढच्या तोंडावरच्या खुणा स्टार्टरवरच्या बारीक छिद्राशी जुळवायच्या आणि मागच्या तोंडावरच्या खुणा क्रँककेसच्या वरच्या सांध्याशी. पुढची खूण सांध्याशी जुळवणारे महाभाग दर वर्षी एखादा तरी भेटतो आणि मग सिलिंडर का तापतात म्हणून विचारत फिरतो. पी-मॅगचे टायमिंग लावायची रीत तर गमतीची आहे: पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकाला आणायचा, युनिटला सेटिंगच्या स्थितीत ठेवायचे आणि मॅनिफोल्ड दाबाच्या नळीत तोंडाने फुंकर मारायची. आपल्याकडे दूध पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, इथे मॅग्नेटोने पोळलेला माणूस इग्निशन फुंकून लावतो.

शेवटचे म्हणजे, वेगळ्या उपकरणाने ठिणगीचा कोन पुढे गेला की सिलिंडर-डोक्याचे तापमान वाढणारच. माझे चढताना साधारण १५ ते २० अंश फॅरनहाइट वाढले. सुरुवातीला युनिटवर जम्पर (दोन टोके जोडणारी छोटी तार) लावून सौम्य कोनाचा पर्याय ठेवा.


जुहूचा जुना, एडिसन, न्यू जर्सी

मी परवानाधारक विमान देखभाल अभियंता होतो. जुहूच्या धावपट्टीवर सेसना १५२ आणि १७२ च्या इंजिनांखाली उभा राहून उमेदीची वर्षे घालवली. आता मुलीकडे राहतो आणि शनिवारी शेजारच्या विमानतळावर कुणी हाक मारली तर जाऊन हात काळे करतो. माझा इलेक्ट्रॉनिकला विरोध नाही. मात्र मूळ पत्रात रोग एक आणि औषध दुसरे असे काहीसे होते आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या प्लगमध्ये शिसे साठले, यात मॅग्नेटोचा काय दोष? विमानाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये गॅलनला २.१२ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ते वाहून नेण्यासाठी त्यात एथिलीन डायब्रोमाइड घालतात, पण ते काम करायला प्लगचे टोक पुरेसे तापावे लागते. जमिनीवर दहा-दहा मिनिटे घट्ट मिश्रणावर मंद फेऱ्यांत इंजिन चालवत ठेवले की खालचे प्लग गारठतात, त्यांत तेलही उतरते आणि शिशाचे मणी तयार होतात. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मिश्रण जोरात पातळ करा, इतके की चुकून थ्रॉटल पूर्ण दिला तर इंजिन अडखळून मरावे. म्हणजे पातळ मिश्रणावर उड्डाण घेण्याची चूकही आपोआप टळते.

दुसरे असे की आपल्याकडे पडद्यावर चारही सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान दिसते. आमच्या काळी हे नव्हते. एका मॅग्नेटोवर आलात आणि एकाच सिलिंडरचा आलेख कोसळला, तर दोष त्या प्लगचा किंवा त्याच्या वायरीचा. चारही आलेख एकसारखे चढले तर ते निरोगी आहे, कारण एकाच ठिणगीने जळण रेंगाळते आणि एक्झॉस्ट तापतो. चारही डळमळू लागले तर मग मॅग्नेटो उघडायचा. कव्हर उघडण्याआधी इतके समजत असताना हजारोंचा खर्च डोळे मिटून का करावा?

आता मॅग्नेटो उघडलाच, तर तो आतून कसा म्हातारा होतो ते पाहा. पॉइंटचा (उघडल्यावर ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) धातू झिजला की फट वाढते, पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकते. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजला की उलट होते. फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडते. ज्यांनी जुन्या बजाज स्कूटरचे पॉइंट कानशीने घासून घेतले आहेत त्यांना हे निराळे शिकवायला नको. मग मॅग्नेटो इंजिनावर थोडा फिरवून टायमिंग पुन्हा जुळवतात, म्हणून बाहेरून ते बरोबर दिसते आणि आत मात्र लोहचुंबकाच्या ज्या स्थितीत पॉइंट उघडायला हवेत ती स्थिती सरकलेली असते. ठिणगी योग्य वेळी पडते, पण फिकी पडते. इंजिन थंडीत पकडत नाही, त्याचे कारण बहुधा इथेच सापडेल. याशिवाय डिस्ट्रिब्युटरच्या तुकड्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का, कार्बनचा ब्रश किती उरला आहे, तेलाचे सील ओले आहे का, हे बघावे. ५०० तासांची तपासणी याचसाठी असते, आणि ती नीट केली तर मॅग्नेटो आणखी ५०० तास तक्रार करत नाही.

यानंतरही बदलायचेच असेल तर एक मॅग्नेटो ठेवा. दोन इग्निशन ठेवण्याचा हेतू एक गेल्यावर दुसरे उरावे हा आहे, आणि ते उरण्याची खात्री तेव्हाच, जेव्हा दोघे एकाच कारणाने मरू शकत नाहीत. मॅग्नेटो झिजून मरतो, इलेक्ट्रॉनिक उष्णतेने, सैल जोडणीने किंवा वीज गेल्याने मरते. असे दोन निराळ्या स्वभावांचे सोबती बरे.

एक गोष्ट सांगून थांबतो. एका सकाळी उतरलेल्या विमानाचा पंखा मी हाताने थोडा सरळ करायला गेलो. किल्ली बंद होती, खिशात होती. पंखा इम्पल्सचा 'टक' आवाज करून एकदम पुढे उसळला आणि माझ्या कोपराला वारा लागला. पी-लीडची तार टर्मिनलपाशी तुटलेली होती. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे ती तार विजेच्या भाषेतल्या जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धडाला, टेकवायची. तीच तुटली तर किल्ली कुठेही असो, मॅग्नेटो जिवंतच असतो. ज्या बाजूचा मॅग्नेटो ठेवाल त्याची पी-लीड या निमित्ताने नवी करा.


तारजोड, सिएटलजवळ

माझा वरच्या दोन्ही सभ्य गृहस्थांशी थोडा मतभेद आहे. मी विद्युत अभियंता आहे आणि माझ्या विमानावर दोन्ही बाजूंना लाइट स्पीडची प्लाझ्मा ही इलेक्ट्रॉनिक इग्निशनची प्रणाली आहे, मॅग्नेटो एकही नाही. बाहेरच्या विजेशिवाय ती चालत नाही, हे मान्य. पण विजेची व्यवस्था आधी आखून मग इग्निशन घेतले तर दोन इलेक्ट्रॉनिक एका म्हाताऱ्या मॅग्नेटोपेक्षा अधिक भरवशाची असतात, असे माझे मत आहे. आधी इग्निशन विकत घ्यायचे आणि मग बॅटरीचा विचार करायचा, हे तहान लागल्यावर विहीर खोदण्यासारखे आहे.

माझ्याकडे दोन बॅटऱ्या आहेत आणि प्रत्येक इग्निशनला त्याच्या बॅटरीच्या टोकावरून थेट, स्वतःच्या फ्यूजमधून तार जाते. मधे मास्टर स्विच नाही. कॉकपिटमध्ये जळका वास आला तर वैमानिकाचा पहिला हात मास्टरकडे जातो, आणि तो बंद करताच इंजिनही बंद पडणार असेल तर ती रचना चुकलीच म्हणायची. दुसरे म्हणजे जमीन-तार इंजिनाच्या धडालाच जोडा, विमानाच्या पत्र्यावर विसंबू नका.

नभोविहारी यांच्याकडे एकच बॅटरी आहे. त्यांच्या सध्याच्या व्यवस्थेत दोन्ही बाजूंना बाहेरच्या विजेवर चालणारी प्रणाली बसवू नये. इथे मी जुहूच्या काकांच्याच बाजूचा आहे. स्वतःची वीज करणारा एक आणि एक मॅग्नेटो, किंवा नंतर कधी दुसरी बॅटरी घातल्यावर दोन्ही, असा क्रम ठेवावा. पहिल्या बदलाने जो लाभ मिळतो तेवढा दुसऱ्याने मिळत नाही, हेही खरे आहे. ठिणगीचा कोन पुढे गेलेली बाजू आधीच आग लावून मोकळी होते, मागून येणाऱ्या मॅग्नेटोच्या ठिणगीला फारसे काम उरत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. एक बाजू इलेक्ट्रॉनिक झाल्यावर उड्डाणपूर्व तपासणीचे आकडे बदलतील. इलेक्ट्रॉनिकवर फेऱ्या जेमतेम पडतील आणि मॅग्नेटोवर आल्यावर घट पूर्वीपेक्षा मोठी वाटेल. मॅग्नेटो बिघडला असे समजून घाबरू नका. पहिल्या दिवशीचे आकडे लिहून ठेवा आणि पुढे त्यांच्याशीच तुलना करा.

आता किल्लीच्या स्विचबद्दल, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. पहिल्या विमानावर मी उजवीकडे इलेक्ट्रॉनिक बसवले, सगळ्या जोडण्या मीटर लावून तपासल्या आणि मोठ्या दिमाखात किल्ली फिरवली. इंजिन पूर्वीइतकेच खोकत राहिले. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी स्विच काढून मागे पाहिले तर उजव्याच्या आणि जमिनीच्या टर्मिनलमध्ये पितळेची नखाएवढी पट्टी होती. बिनइम्पल्सच्या मॅग्नेटोने सुरू करताना २५ अंश आधी ठिणगी देऊन पंखा उलटा मारू नये, म्हणून ही पट्टी 'स्टार्ट' स्थितीत उजवी बाजू बंद ठेवते. ज्याच्यासाठी मी पैसे मोजले होते ते इग्निशन नेमके सुरू करतानाच झोपवले जात होते! ती पट्टी काढा. त्याहून चांगले म्हणजे किल्लीच काढून प्रत्येक इग्निशनला स्वतंत्र टॉगल आणि सुरू करायला बटण ठेवा.

सुरू करताना बॅटरी अर्धमेली असेल तर मात्र हट्ट करू नका. व्होल्टेज फार खाली गेले की इलेक्ट्रॉनिकचा मेंदू गोंधळू शकतो, ठिणगी भलत्या वेळी पडू शकते आणि पंखा उलटा झटका देतो. अशा एका झटक्यात हलक्या स्टार्टरचे तोंड तुटलेले मी पाहिले आहे.

प्लगबद्दल थोडक्यात: ॲडॉप्टर घालून मोटारीचे १४ मिलिमीटरचे प्लग बसतात, एक तीन-चार डॉलरला मिळतो, आणि त्यातली फट विमानाच्या जाड इलेक्ट्रोडच्या प्लगच्या जवळपास दुप्पट ठेवता येते. मोठी फट म्हणजे मोठी ठिणगी. प्लग रेझिस्टरचेच घ्या, नाहीतर रेडिओत ठिणग्यांची करकर ऐकत बसावे लागेल. वायरी लावताना जोड्या लक्षात ठेवा: १ व २ एकत्र, ३ व ४ एकत्र, कारण एका कॉइलची ठिणगी एकाच क्षणी दोन सिलिंडरमध्ये पडते, एकात कामाची आणि दुसऱ्यात एक्झॉस्टच्या वेळी वाया जाणारी. पडद्यावरचे फेऱ्यांचे मोजमाप उजव्या पी-लीडवरून घेतले असेल तर तेही बदलावे लागेल.


नभोविहारी

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे म्हणणे मनाला लागले, म्हणून आधी दोन्ही मॅग्नेटो उघडले. उजव्याचे पॉइंट पार खड्डे पडलेले आणि आतली स्थिती सरकलेली निघाली. डावा मात्र चांगला होता. त्यामुळे डावा तपासून, नवी पी-लीड लावून परत बसवायचा आणि उजव्या जागी पी-मॅग घ्यायचा असे ठरवले आहे. एकच विचारायचे राहिले: कागदपत्रांचे काय? विमान प्रायोगिक गटातले, मीच बांधलेले आणि दुरुस्तीचा परवानाही माझ्याच नावे आहे.


हँगर क्रमांक सात

प्रायोगिक गटात असल्यामुळे युनिट प्रमाणित असण्याची गरज नाही. कारखान्यात बनलेल्या सेसनावर हेच करायचे तर मान्यताप्राप्त युनिट आणि त्या विमानासाठी पूरक प्रमाणपत्र लागले असते. तरीही 'माझे विमान, माझी मर्जी' असे मात्र नाही. विमानासोबत मिळालेल्या उड्डाण-मर्यादांच्या कागदात मोठ्या बदलाबद्दलचा परिच्छेद काढून शब्द न् शब्द वाचा. वेगवेगळ्या वर्षांच्या कागदांत तो वेगळा असतो. बहुतेकांत असे लिहिलेले असते की मोठा बदल केल्यास एफएएच्या (अमेरिकेच्या विमान-वाहतूक खात्याच्या) स्थानिक कार्यालयाला कळवावे आणि ठरावीक क्षेत्रात, प्रवासी न घेता, किमान पाच तास पुन्हा चाचणी उड्डाण करावे. इग्निशन बदलणे हा मोठा बदल आहे की नाही यावर हँगरात वाद घालण्यापेक्षा कार्यालयाला विचारून उत्तर लेखी ठेवावे. मी मोठा बदल समजूनच पाच तास केले. तसेही पहिले पाच तास मला बायकोला शेजारी बसवायचे नव्हतेच.


जुहूचा जुना

इथे अमेरिकेत पाच तासांत सुटका होते म्हणून तरी आनंद माना. आमच्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ते २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिले, आणि नोंदणी हाती यायला २०१७ उजाडले.


नभोविहारी

पाच तास काल पूर्ण झाले, म्हणून लिहितो आहे. कार्यालयाने मोठा बदल धरावा असेच सांगितले. पितळी पट्टी काढली. ती आता टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवून ठेवली आहे. सकाळी २८ अंश फॅरनहाइट होते, हीटर तासभरच लावला होता, आणि इंजिनाने दुसऱ्या पात्याला पकडले. घट पी-मॅगवर ३०, मॅग्नेटोवर ११०. १७०० फेऱ्यांवर मॅग्नेटो बंद करून ब्रेकर ओढला, सुई हलली नाही.

तक्रार एकच. चढताना तिसऱ्या सिलिंडरचे डोके ४१८ अंशांवर जाते. लायकमिंगची लाल रेषा ५०० ला आहे हे ठाऊक आहे, पण बाकी तिन्ही ३९० च्या खाली असतात आणि पूर्वी हाही ४०० च्या आत असे. जम्पर लावलेला आहे, खुणा सांध्याशी नव्हे तर छिद्राशीच जुळवल्या आहेत, दोनदा पाहिले.


हँगर क्रमांक सात

टायमिंगला हात लावू नका. तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या अंगाला पंख्या (थंडाव्यासाठीच्या धातूच्या पातळ कडा) फार उथळ असतात आणि मागचा बॅफलचा, म्हणजे हवा वळवणारा, पत्रा त्यांना चिकटून बसला की तिथून हवा खाली उतरतच नाही. पूर्वी २५ अंशांवर ते खपून जात होते, आता दिसू लागले इतकेच. पत्र्याचा स्क्रू सैल करून पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक जाड वॉशर घाला, म्हणजे पाव बोटाची फट पडेल. दुसऱ्या सिलिंडरच्या पुढच्या अंगालाही तोच प्रकार असतो, कव्हर काढलेच आहे तर तिथेही पाहून घ्या.


नभोविहारी

वॉशर घातला. आज त्याच वेगाने, त्याच हवेत चढताना तिसरा ३९६.